धुऱ्यावरून शिकलेली सरी

...अन् वरून मलेच म्हणते, "सहदेवभाऊ, तुमी बी करून पाहा ना, लय सोपं आहे!" मले! आता तुमाले सांगतो, माणसानं गिळावं तरी किती? अकोल्यात, जठारपेठेतल्या हॉलात, गंज कास्तकार जमलेले, गळ्यात हार, हातात माइक, अन् हा देवानंद, माह्या धुऱ्याले, म्हणजे वावराच्या बांधाले, ज्याचा धुरा लागून आहे तो देवानंद, मले माह्याच वावरातली सरी शिकवून राहिला!

नाई, तुमाले मुळापासून सांगा लागते. माहं वावर उतारावर, खालच्या अंगाले. वर देवानंदचं. आता पाऊस पहिल्यासारखा राहिला का? महिनाभर तोंड दाखवत नाई, अन् आला की साऱ्या महिन्याचा एका दुपारी ओतून जाते! अन् हा देवानंद पेरे कसा? वरून खाली, सरळ! म्हणजे पाण्याले रस्ताच बांधून देल्ला की नाई? त्याचं पाणी धाडधाड माह्या वावरात घुसे अन् माही काळी माती घेऊन नाल्यात जाये. बापानं ठेवलेलं वावर डोळ्यासमोर वाहून चाललं होतं... रडू ये बाप्पा, खोटं काहून बोलू?

एक दिवस अंजनगाव सुर्जीच्या बाजारात चाललो होतो. वाटेत एक सोयाबीन दिसलं. आजूबाजूचं सारं माना टाकून बसलेलं, अन् हे हिरवंगार! चार तास, म्हणजे चार ओळी सोयाबीन, मंग एक रिकामी सरी, पुन्हा चार तास, पुन्हा सरी, अन् सारं उताराले आडवं. आता मालकाले इचारावं का? छट्! आपल्या वऱ्हाडात कास्तकार कास्तकाराले इचारत नाई बाप्पा, धुऱ्यावरून पाहते! मी गाडी थांबवली, प्लग काढला, गाडी बिघडल्यासारखं केलं. एक डोळा प्लगवर, एक सरीवर. तर आतून आवाज, "ओ भाऊ! कल भी एक की गाडी यहींच बिघडी थी! प्लग लगाव, अंदर आव, चाय पिव, और आराम से देखो!"

तो अब्दुल सत्तारभाई. देवमाणूस! डवऱ्याले, म्हणजे बैलामागच्या कोळप्याले, दोरी कशी गुंडाळायची, तो रिकाम्या तासात चालवला की माती दोन्ही अंगाले सरकून सरी कशी पडते, सारं हातात देऊन दाखवलं. कमी पाऊस आला तर सरीत मुरते, जास्त आला तर सरीतून हळूच बाहेर. म्हणे, "पानी को दौडने मत दो भाऊ, चलाव."

घरी आलो. माहं सोयाबीन आडवंच पेरलं होतं, नशीब! पण दोरी सापडेना, म्हणून माह्या बायकोच्या, माणिकबाईच्या, जुन्या लाल लुगड्याची पट्टी फाडली, डवऱ्याले गुंडाळली, सऱ्या पाडल्या. पण फायदा काय? वरून देवानंदचं पाणी आलं अन् साऱ्या सऱ्या फोडून गेलं! म्हणजे त्यानं केल्याशिवाय माहं वावर वाचत नाई. गेलो त्याच्याकडं. "देवानंद, पुढच्या साली आडवं पेर ना." तर म्हणे, "काहून? तुमाले फायदा व्हावा म्हणून?" अन् तसंच आहे त्याचं. मी पूर्व म्हटलं की हा पश्चिमेले चालू लागते. मी एकदा म्हटलं, तुह्या दारातला कडूलिंब मस्त सावली देते, तर दुसऱ्या दिवशी तोडला लेकाच्यानं!

मंग आल्या एका संस्थेच्या प्रियदर्शनी मॅडम. "शेतकऱ्यानं शेतकऱ्याला शिकवायचं, सहदेवराव, तुम्ही बोला!" बोललो ना! सारं गाव आलं. काहून? तर खायाले फुकट गिलावडा होता. मी म्हणतो, "पाणी मुरलं पायजे," तर मागून आवाज, "चटणी संपली का बे?" देवानंद तर पहिल्या रांगेत घोरून राहिला होता.

रात्री जेवताना माणिकबाई म्हणे, "तुमी शिकवता म्हणून कोणी शिकत नाई. लपवा!" काय डोकं आहे बाईचं! रानडुकरासाठी वावराभोवती लुगडी बांधतातच आपल्याकडं, पण कमरेएवढी. आमी सऱ्या पुन्हा पाडल्या अन् लुगडी बांधली डोक्याच्या वर! घरातलं एक लुगडं ठेवलं नाई. झालं, गावात बोंब! "सहदेवनं काईतरी लावलं!" "बी बाहेरून आणलं म्हणे!" दोन दिवसांत लुगड्यांले भोकं. धुऱ्यावर चपलांचे ठसेच ठसे. अन् देवानंद? बाभळीवर! म्हटलं, "काय करून राहिला बे वर?" म्हणे, "डिंक पाहून राहिलो." भर पावसाळ्यात डिंक! मी म्हटलं, पाह्य बाप्पा, पोटभर पाह्य. सांगितलं ना, इचारत नाई, धुऱ्यावरून पाहते!

पुढच्या साली देवानंदनं आडवं पेरलं! चार तास, सरी, चार तास, सरी. सारं बरोब्बर! फक्त डवऱ्याले माह्यासारखीच लाल लुगड्याची पट्टी. म्हटलं, "साधी दोरी गुंडाळ ना." तर मलेच म्हणे, "तुमाले नाई समजत, साध्या दोरीनं सरी बसत नाई, लालच लागते!" अन् गावभर लाल पट्ट्या! घराघरात भांडणं! देवानंदची बायको करिश्मा, तिचा लग्नातला लाल शालू गेला डवऱ्याले. माणिकबाईजवळ येऊन रडे बिचारी, अन् माणिकबाई मान खाली घालून तांदूळ निवडे.

पण सांगतो तुमाले, त्या साली पाऊस आला ना, तसाच आला, बेभान. मी धुऱ्यावर उभा. वरून देवानंदच्या वावरातून पाणी आलं... हळू. निर्मळ. चालत आलं बाप्पा, धावत नाई! माही माती जाग्यावर राहिली. भिजत उभा होतो, खुशीनं रडून राहिलो होतो, अन् मनात सत्तारभाईले सलाम घालत होतो.

अन् हा लेकाचा अकोल्यात सत्कार घेते! "ही पद्धत मी स्वतः शोधली," म्हणे. बाभळीवर शोधली का रे? माहं डोकं असं तापलं, मी उठलो, म्हटलं आता साऱ्या हॉलाले सांगतो, बाभूळ बी सांगतो, डिंक बी सांगतो! तोंड उघडलं... अन् तो लिंब आठवला. ही सरी मीच याले मुद्दाम पाहू देल्ली, माह्याच फायद्यासाठी, असं याले कळलं, तर येत्या मृगात हा माणूस पुन्हा वरून खाली सरळ पेरल्याशिवाय राहणार आहे का?

उभा तर राहिलो होतो. मंग टाळ्याच वाजवल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या, अन् सगळ्यांच्या नंतर थांबलो.

घरी आलो तर माणिकबाई इचारे, "हात काहून लाल झाले हो?"

म्हटलं, "वावर वाचवून आलो."