कोपर सरळ झालं की…

हॅलो?… हॅलो, अगं मोठ्याने बोल, केवढा गोंगाट आहे तिथे… मध्यंतर झालं? मग आधी पाणी पी… रडतेयस? रेफरी रडत नाहीत गं… बरं, रडतात. पण दार लावून. लावलंयस ना? हं. सांग आता.

नाही नाही, मोकळीच आहे. बाळाला भरवतेय. म्हणजे मी भरवतेय, तो रंगकाम करतोय… हो, भिंतीला. तू सांग.

कोण ओरडतंय?… लोक? ओरडणारच. तेवढ्यासाठी तर येतात… कोच पण? 'चष्मा लाव' म्हणाली? अगं, मला तर एकीने स्वतःचा काढून दिला होता. पुढे?

जिराफ कोण?… अच्छा, यजमान टीमची कॅप्टन. बास्केट टाकायला घुसते ती. आणि तिला अडवणारी ती बुटकी… चार फाउल? मध्यंतरालाच? म्हणजे अजून एक झाला की बिचारी बाहेर!… चारही तूच दिलेस?… हो, हो… अगं ऐक ना, रागावत नाहीये मी. विचारतेय. बुटकी पडली कशी? पुढे की मागे?… मागे. चारही वेळा. आणि ढकललं म्हणे तिनेच. ढकलणारी स्वतःच उताणी पडते होय गं?



बरं, तेव्हा तू बघत कुठे होतीस?… खरं सांग… बॉलकडे. वाटलंच मला. पहिल्या मॅचला सगळ्या तेच करतात. जिराफाचा एक हात बॉलवर. दुसरा कुठे होता?… नाही ना माहीत? तोच बघायचा असतो, बाई!

थांब, हा चमचा… अरे राजा, नको!… हं, बघ, आत्ताच दाखवलं याने. माझ्या छातीवर याचा हात आहे, कोपर वाकलेलं. चालतं. नुसता हात लागला म्हणून शिट्टी नाही. आता मी चमचा पुढे नेते… झालं! कोपर सरळ, मी मागे, आणि साहेबांसमोर मोकळी जागा. हाताने जागा केली की फाउल. कमरेला हात अडकवून निसटली, तरी फाउल. दिसायला मिठी असते ती, फसू नकोस.

हो, यालाही देते की. रोज पाचाच्या वर जातात. पण याला बाहेर कुठे काढू?… हसलीस! बरं झालं.

नाही. दिलेले चार पुसता येत नाहीत… नाही म्हटलं ना! आणि भरपाई म्हणून जिराफालाही उगाच द्यायचा नाही. तिने केलं, तुला दिसलं, तरच… घरी जाते म्हणजे? वेडी का तू? आणि बुटकीने काय करायचं?… भीती वाटू दे. शिट्टी तोंडात असली की दातांचा आवाज कुणाला येत नाही.

बेल झाली? पळ. फोन बंद नको करूस, कुणाकडे तरी दे… हो, चालेल, दे.

हॅलो, मावशी? पाण्याच्या बाटल्या तुमच्याकडे का? मी रेफरीची ताई… धाकटी ना, म्हणून काळजी… बाळ मजेत, ओरडतोय तो तोच. सुरू झालं?… उंच मुलीकडे बॉल… बुटकी समोर… शिट्टी! ऐकली मी! पडली का बुटकी?… मागे? अरे देवा. आमची ही काय करतेय? तिचे हात बघा, मावशी… लोकांचं सोडा हो, ओरडू दे त्यांना. हात!… मूठ? बंद मूठ, पलीकडच्या बास्केटकडे रोखलेली? नक्की?… अहो म्हणजे जिराफाचा! बॉल ज्यांच्याकडे, फाउल त्यांचाच!… बुटकी?… उठली? खेळतेय ना?… खेळतेय.

आणि आमची ही कशी दिसतेय?… इकडे बघतच नाहीये? एकदाही?

…मग ठेवते मी, मावशी.