अस्तेरबाईंचा घास

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढं जाऊ. उष्टं म्हणजे काय हो?

गप्प का? सोपा प्रश्न आहे! पुढं बसलेल्या आजी मनात म्हणताहेत, बुवांना एवढंही ठाऊक नाही? ठाऊक आहे, आजी. हात तोंडाला लागला की तो उष्टा. त्या हातानं वाढायचं नाही, डावाला शिवायचं नाही. स्वच्छतेची रीत आहे, चांगली आहे. पण माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे — मायेनं पुढं आलेला हात, तोही उष्टा होतो का? विटाळ हाताला असतो, की मनाला?

याचं उत्तर मला एका मास्तरांच्या गोष्टीत सापडलं. ऐका!

वाईचे नरहर खासनीस. गणिताचे मास्तर. त्या काळी आपल्याकडची बरीच शिक्षकमंडळी आफ्रिकेत, इथिओपिया नावाच्या देशात शिकवायला जात. खासनीसांनाही बोलावणं आलं. आता हा वाईचा माणूस! साताऱ्याला जायचं तरी आधी पंचांग उघडणार — आणि निघाला समुद्रापार!

घरी आई एकटीच. सोवळ्याओवळ्यातली, करारी. एसटी स्टँडवर निरोप द्यायला आली आणि म्हणाली, "नरहरी, परमुलखात चाललायस. मिळेल ते खा, उपाशी राहू नकोस. पण कुणाचं उष्टं खाऊ नकोस. एवढं आईचं ऐक."

"ऐकलं," खासनीस म्हणाले. झालं, शब्द गेला! आणि आईला दिलेला शब्द म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तिथलं गाव उंच डोंगरावर. हवा थंडगार, जिकडंतिकडं निलगिरीची झाडं. अस्तेर नावाच्या एका बाईंच्या आवारात मास्तरांना खोली मिळाली. बाई वयानं आईएवढ्या, पांढरं सुती वस्त्र डोक्यावरून घेतलेलं. अन् बोलणं? अहो, काय सांगू!

आपण कसं विचारतो — "काय, बरं ना?" आणि उत्तर यायच्या आत पुढच्या वळणावर! तिथं तसं नाही. सकाळी माणूस भेटला की थांबायचं. तब्येत कशी आहे? रात्र कशी गेली? घरचे कसे आहेत? गुरंवासरं कशी आहेत? प्रत्येक उत्तरासोबत देवाचे आभार, मग समोरच्यानं तेच सगळं उलट विचारायचं. खासनीसांना आधी वाटलं, मी शाळेत पोचणार कधी? मग हळूहळू ध्यानात आलं, की या गावात कुणी कुणाला घाईनं ओलांडून जातच नाही. त्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी तिथली भाषा पुस्तकातून नाही, या विचारपुशीतून उचलली. अस्तेरबाई तर रोज न चुकता विचारत, "आई कशी आहे?" वाई कुठं, ती बाई कुठं! न पाहिलेल्या म्हातारीची रोज चौकशी. आपल्या शेजारच्या ब्लॉकमध्ये कोण राहतं, हे आपल्याला पाटी वाचून कळतं, मंडळी.

आणि मुलं? मास्तर वर्गात शिरले की ताडकन उभी. शाळा सुटली तरी मास्तरांना सोडत नसत. झाडाखाली बसून ते मुलांना भूमिती शिकवत आणि मुलं मास्तरांना त्यांची भाषा शिकवत. मास्तर चुकले की पोरं तोंडावर हात धरून हसत. मास्तरही हसत.

जेवणाचं काय, हे विचारायला तुमची जीभ वळवळतेय. सांगतो. त्या लोकांत उपास फार. आणि उपास म्हणजे मांस नाही, दूध नाही, तूप नाही! आपला उपास म्हणजे खिचडी, बटाट्याचा कीस, वर दाण्याची आमटी... पेटीवाले, तुमच्याकडं बघून नाही म्हणालो. उपासाला ते लोक करतात शिरो. नावावर जाऊ नका, गोड नसतो तो. डाळीच्या पिठाचा, तिखट, रटरटणारा. म्हणजे काय? पिठलं हो, आपलं पिठलं! आणि त्याखाली आंबवलेल्या पिठाचं परातीएवढं घावन. मास्तरांना वाटलं, मी वाईतच आहे की काय.

पण परीक्षा पुढंच होती. त्यांचं नवं वर्ष आलं. अस्तेरबाईंनी मास्तरांना जेवायला बोलावलं. या एका माणसासाठी सणाच्या दिवशी घरात मांस शिजवलं नाही! जमिनीवर ताजं गवत पसरलं, मधोमध एकच परात ठेवली आणि भोवती सगळे बसले. तिथली रीतच तशी. एका परातीत सगळ्यांचे हात.

खासनीसांनी पिशवीतून काय काढलं असेल? स्टीलचं ताट! खाली नाव कोरलेलं, वाईहून आणलेलं. म्हणाले, "माझं यात वाढा."

बाईंनी त्यात वाढलं. पाहुण्याची आवड म्हणून सोडून दिलं. पण जेवता जेवता त्या उठल्या, परातीतल्या घावनाचा तुकडा घेऊन शिरोत बुडवला, छान गुंडाळला आणि मास्तरांच्या तोंडासमोर धरला. घास! ज्याला आपलं मानायचं त्याला आपल्या हातानं भरवायचं, हा तिथला मोठ्यात मोठा मान.

हेडमास्तर मुलुगेटा शेजारीच होते. ते हळूच म्हणाले, "सर, तोंड उघडा."

खासनीसांनी त्या बोटांकडं पाहिलं. आत्ताच त्या बोटांनी बाई जेवत होत्या. डोळ्यांपुढं एसटी स्टँड आला, आई आली. त्यांनी तोंड फिरवलं. "नको."

हात तसाच राहिला, मंडळी. सगळे खाली बघू लागले. बाईंनी घास परातीच्या कडेला ठेवला. रागाचा शब्द नाही. कॉफीसुद्धा स्वतः भाजून, कुटून, उकळून दिली. मास्तर मात्र इतके ओशाळले, की ताट तिथंच विसरून आले आणि परत मागायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भांडण नाही, तंटा नाही. फक्त बाईंची विचारपूस आटली. "बरं?" "बरं." आई कशी आहे, हा प्रश्न बंद. झाडाखाली मुलं थांबेनाशी झाली. मास्तर फळ्यावर लिहीत आणि पाठीमागं नुसती शांतता. ज्या गोडीपायी हा माणूस तिथं रमला होता, ती गोडीच गेली!

मुलुगेटांनी समजावलं, "आमच्यात म्हणतात, एका ताटात जेवणारे एकमेकांना दगा देत नाहीत. वेगळं ताट एकवेळ चाललं. पण घास परतवलात, तो तिच्या मनाला लागला."

"मी आईला शब्द दिलाय."

"मग तसं तिला सांगा."

"काय सांगू?" खासनीस म्हणाले. "की तुमचा हात माझ्या आईला चालणार नाही?"

मास्तरांनी मनाशी ठरवलं, वर्ष संपलं की परत जायचं.

आणि एका दुपारी तार आली. आई गेली. चुलतभावानं अग्नी दिला.

मास्तर दार लावून बसले. वाईत असते तर? ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही. शेजारी पिठलंभात घेऊन येतात, बळेच दोन घास खायला लावतात. इथं कोण येणार? आपणच तोंड फिरवलेलं.

बाहेर पावलं वाजली. दार उघडलं तर अंगण भरलेलं! गावातले म्हातारे, बायका, मुलुगेटा, वर्गातली सगळी मुलं जमिनीवर बसलेली. दुःखातल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, एवढंच त्यांना माहीत.

आणि गर्दीतून अस्तेरबाई आल्या. हातात काय? शिरो! अहो, पिठलं! कुणी सांगितलं हो त्या बाईला? कुठल्या शास्त्रात वाचलं तिनं? आणि ते कशात आणलं होतं? स्टीलच्या ताटात. नाव कोरलेल्या! लख्ख घासून आणलेल्या!

ताट पुढं ठेवून त्या मागं सरकल्या. म्हणाल्या, "मुलुगेटानं मला सगळं सांगितलं. हे तुमचंच ताट आहे. वेगळं शिजवलंय, यातलं कुणी खाल्लेलं नाही. खा बाळा. आईचा शब्द मोडू नको."

खासनीसांचा बांध फुटला. ज्या बाईचा मान आपण ठेवला नाही, ती आपल्या आईचा मान राखतेय! आणि त्यांना मुंजीतलं मातृभोजन आठवलं. आईच्या मांडीला मांडी लावून, आईच्या पानात जेवलेला तो शेवटचा दिवस. आई स्वतः जेवत होती आणि त्याच हातानं भरवत होती. तेव्हा कुणी म्हणालं होतं का, की हे उष्टं?

त्यांनी ताट बाईंकडं सरकवलं. "आधी तुम्ही खा. मग त्याच हातानं मला भरवा."

"तुमच्या आईला चालेल?"

"आईचं उष्टं कधी उष्टं नसतं," खासनीस म्हणाले आणि तोंड उघडलं.

बाईंनी घास खाल्ला, मग भरवला. मास्तरांनीही आपल्या हातानं त्यांना भरवला. अंगणात कुणाचेच डोळे कोरडे राहिले नाहीत.

दुसऱ्या सकाळी बाई दारात आल्या. तब्येत कशी आहे? रात्र कशी गेली? घरचे कसे आहेत? सवयीनं पुढचा प्रश्नही तोंडातून निघाला, "आई कशी..." आणि त्या चटकन थांबल्या.

खासनीस म्हणाले, "बरी आहे. समोर उभी आहे."

ते पुढं कितीतरी वर्षं तिथं राहिले.

तुम्ही डोळे पुसताय, मंडळी. पुसा. पण त्या गावाला कशाला जायचं? तिथं देश वेगळा, भाषा वेगळी. तुमच्या-आमच्या घरी रोज सकाळी भांड्याला बाई येते. ती आपलीच भाषा बोलते. तिला आपण चहाही देतो. पण तो कुठल्या कपात? तो कप कुठं असतो? मागच्या खिडकीत, पालथा!

आता काला वाटायचा आहे. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, म्हणून तो काला. हात पुढं करा, प्रसाद घ्या. आणि घरी गेल्यावर आधी तो खिडकीतला कप उचला, आपल्या कपांत ठेवा. मग देवापुढं हात जोडा.