खैबरचा प्रोजेक्ट

हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात, चिकन राइसची रांग. माझ्या पुढे मोबाइलवर काही वाचणारा एक बाप आणि त्याची शाळकरी मुलगी.

"किमया, हा खैबरचा प्रोजेक्ट तू केलास की अब्दालीने? मथळा 'परकी आक्रमणं'. खाली इराणी, ग्रीक, शक, कुशाण, हूण. आणि शेवटी कोण, तर मराठे?"

"तूच म्हणालास ना बाबा, मराठे टाक. टॉपिक अर्ली हिस्टरी होता, तरी टाकले."

"अभिमानाने टाक म्हटलं होतं! आपण अटकेपार झेंडे लावले. आणि तू त्यांना लुटारूंच्या पंगतीत बसवतेस?"

"पण तिथल्या लोकांना काय फरक? कोणीही आलं तरी ते शेळ्या घेऊन डोंगरात पळायचे."

"आपण काय शेळ्या पळवायला गेलो होतो?"

"मग आपण तिथे राहिलो का?"

"वर्षभर. जेमतेम. पण झेंडा लागला ना, मुलूख आपला! टीचरला सांग, मराठ्यांची वेगळी स्लाइड करणार म्हणून."

"कॅन्ट लाह. सबमिट झालं."

"झालं? मला आधी न दाखवता? थांब, घरी चल तू... अरे! आपल्या टेबलावर तो म्हातारा कोण बसलाय? मी टिश्यूचं पाकीट ठेवून आलो होतो!"

"ते अंकल रोज तिथेच बसतात, बाबा."

"बसत असतील! पाकीट दिसत नाही त्याला? पाकीट ठेवलं की टेबल आपलं. उठव त्याला!"

"मग अंकलनी कुठे जायचं, बाबा? डोंगरात?"