बायकांच्या रांगेतली तलवार

इजिप्तमधल्या इस्कंदरियाच्या त्या रोट्यांच्या भट्टीवर बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. म्हाताऱ्या उम्म रऊफ हाज्जाच्या पुढे इनास उभी होती आणि पलीकडच्या रांगेत तिचा होणारा नवरा वाएल. कंप्युटरवरच्या कुठल्याशा खेळावरून दोघांची जुंपली होती.

"आज संध्याकाळच्या लढाईत पुन्हा मेलीस, तर टोळी तुला काढून टाकेल. उरलेले सगळे गुण मंत्रांना दे. तलवार मी चालवतो."

"आणि तू मेलास तर?"

"मी कशाला मरतोय?"

"परवा बेडकानं मारलं की तुला!"

"चिलखत घातलं की मंत्र अर्धेच लागू पडतात, इनास."

"म्हणून तर आधी तलवारीवर आगीचा मंत्र घालीन, मग चिलखत चढवीन."

उम्म रऊफला राहवेना.

"पेटती तलवार हातात धरवेल का गं?"

"अंगात जोर वाढवला की धरवते, हाज्जा."

"मग वाढव की! याला काय विचारतेस?"

"हाज्जा, दोन्हीकडे हात घातला की एकही धड येत नाही," वाएल पलीकडून म्हणाला.

"बेडकाच्या हातून मेलेला मला शिकवतोय!" उम्म रऊफ फणकारली.

बायकांची रांग भराभर सरली. इनास खिडकीशी पोचली. वाएलपुढे अजून सगळा मोहल्ला उभा होता.

"इनास, आमच्या घरच्याही रोट्या घेतेस?"

"घेते. जोर वाढवू?"

"...वाढव."

"किती?"

"गरम आहेत तोवर घे गं बाई. सगळा वाढव!"