बाहेरची कडी

मी, सगुणा बाळाराम केणे, वय ६३ वर्षे, धंदा : बायकांसाठी आसरा घर चालवणे (आधी 'गृहिणी' टाइप झाले होते, माझ्या सांगण्यावरून बदलले), रा. आंबिवली, ता. कल्याण, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

वरील ठिकाणी माझ्या नावावर घर आहे. घरच्या मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या बायका तेथे राहतात. अकरा वर्षांत एकशे बेचाळीस आल्या. याचा मला अभिमान आहे. जबाबात असे लिहीत नाहीत, असे साहेब म्हणाले. मी म्हटले, लिहा.

चालू महिन्याच्या ९ तारखेस सकाळी साडेसातच्या सुमारास निशिगंधा, वय २६, रा. डोंबिवली, ही रिक्षाने आली. उजव्या हाताची दोन बोटे बांधलेली होती. मी तिच्यापुढे चहा ठेवला. तिने डाव्या हाताने चहा घेतला.

काल सकाळी अकरा वाजता तिचा नवरा कमलेश दोन मित्रांसह अंगणात आला व "माझ्या बायकोला कोंडून ठेवलंय तुम्ही" असे ओरडू लागला. निशिगंधा तेव्हा ओट्यावर मेथी निवडत होती. आवाज ऐकून ती मोरीत जाऊन बसली. मी त्याला म्हटले, "माझ्या घराला बाहेरशी कडीच नाय, मंग कोंडीन कशी?" तो निघून गेला व त्याने येथे माझ्याविरुद्ध तक्रार दिली.

दुपारी हवालदार धम्मपाल यांनी येऊन सगळी दारे पाहिली. एकाही दाराला बाहेरून कडी नाही. पहिली बाई यायच्या आदल्या दिवशी मी बाहेरच्या सर्व कड्या माझ्या हाताने काढल्या व काळू नदीत टाकल्या. स्क्रूची भोके लांबी (पुट्टी) भरून बुजवली आहेत, ती अजून दिसतात. आतल्या कड्या शाबूत आहेत.

कड्या का काढल्या असे विचारले असता सांगते की, हे माझे सासर आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माजघराची कडी बाहेरून होती. पती वारले आहेत, त्यामुळे यापुढे काही सांगायचे नाही.

निशिगंधा सध्या बाहेर बाकड्यावर बसली आहे. मी तिला आणलेले नाही. आज मी निघाले तेव्हा तीच दार उघडून पुढे झाली. समोरच्या बाकड्यावर कमलेश आहे. तिला एकटीला बोलावून विचारावे, मी बाहेर थांबते. ती त्याच्यासोबत जाते म्हणाली, तर मी अडवणार नाही. मला वाईट वाटेल.

जबाब मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे. वाचन चालू असताना निशिगंधा कोणी न बोलावता आत आली व म्हणाली, "मावशी, तुमचं झालं असेल तर उठा. आता माझा लिहायचाय." हेही माझ्या सांगण्यावरून यात घेतले आहे.