हात माझा, माऊस कुणाचा?

...आणि वर मलाच विचारतो, "मॅडम, नातवाला गिफ्ट द्यायचंय का?" अहो, गेमिंग माऊस मागितला मी, खुळखुळा नाही! म्हटलं, "मलाच हवाय. मी खेळते." तर त्या दुकानदारानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं... चोपन्न वर्षांची बाई, गळ्यात टेप, केसांत दोरा अडकलेला! शिवणाचं दुकान आहे माझं, मशीनवरून तशीच उठून गेले होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी कसली घाई? तुम्हाला सांगते, माझा धाकटा भाऊ, राहायला लांब, गाडीनं आठ तास. गेल्या वर्षी त्याची बायको गेली आणि यानं दारच लावून घेतलं. फोन केला की "बरा आहे" आणि खट्! येऊ का विचारलं की "नको." मग एकदा तोंडातून निसटलं, कॉम्प्युटरवर कसलासा गेम खेळतो म्हणून, दोघांच्या जोडीनं, गोळ्याबिळ्या झाडायच्या. म्हटलं, मला घे! मला काय येत होतं? डोंबल! पण खेळताना फोन चालू ठेवून हा बोलतो हो! "ताई, मागे बघ! ताई, खाली बस! अगं ते झाड आहे, झाडाला काय मारतेस!" दर रविवारी दुपारी दोन तास नुसता बडबडतो!

पण माझा माऊस कॉम्प्युटरसोबत आलेला, पार म्हातारा. एकदा दाबला की दोनदा वाजणार. एक गोळी शत्रूला, दुसरी भावाला! सलग तीन रविवार मी त्याला मारला. शेवटी म्हणाला, "ताई, माऊस बदल नाहीतर भाऊ बदल." आणि हसला... वर्षानं हसला हो! म्हटलं, बास, आता माऊस आणायचाच!

तर दुकानदार सुरू! "हा घ्या, सगळे हाच नेतात!" सगळे नेतात, नेऊ देत की, पण हात माझा आहे ना! मी डावरी! तो माऊस उजव्या हातासाठी घडवलेला, फुगवटा नको तिथं, बाजूची दोन बटणं नेमकी माझ्या करंगळीखाली. करंगळी जरा हलली की बॉम्ब! भाऊ पुन्हा खलास!

"मग हा बघा, पिसासारखा हलका!" अहो, तीस वर्षं लोखंडी कात्री चालवलेला हात हा, त्याला पीस देता? हातात आहे की खाली पडला तेच कळेना! "पण मॅडम, हल्ली हलकाच चालतो..." चालू दे हो, पण हात माझा आहे ना!

मग सात रंगांचे दिवे लागणारा काढला. म्हटलं, दिवे माझ्या पंजाखाली, बघणार कोण, टेबल? मग म्हणे, "याचा वेग बघा!" बोट लावलं तर बाण पडद्याच्या या टोकाचा त्या टोकाला! मला शत्रू मारायचाय की माशी?

"बरं, तुम्ही माऊस धरता कसा?" म्हणाला. हा पहिला शहाणा प्रश्न! कुणी अख्खा तळवा टेकवतं, कुणी नखं रोवल्यासारखी बोटं वाकवतं, कुणी गरम झाकण उचलावं तसं नुसत्या टोकांनी धरतं. मी तळवा टेकवणारी! काढला गळ्यातला टेप आणि घेतलं स्वतःच्या हाताचं माप, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. म्हटलं, "हे माप. आता दाखवा." तर तो हात पुढं करून म्हणतो, "माझं पण घ्या ना!" घेतलं! आणि सांगितलं, काउंटरवरचा तुमचा माऊस तुम्हाला लहान होतो, म्हणून बोटं आखडतात. "अहो, आखडतात खरी!" म्हणाला आणि स्वतः वाकून अगदी खालच्या कप्प्यातून एक खोकं काढलं, धूळ बसलेलं. साधा, जडसा, दोन्ही अंगांनी सारखा. "हा कुणी नेत नाही," म्हणाला.

हात ठेवला... आणि बसला हो! खांद्यावर बाही बसावी तसा बसला! क्लिक केला, एकदाच वाजला! मी दुकानातच ओरडले, "मिळाला!"

रविवारी काय खेळले म्हणून सांगू! धडाधड! भावाला ओरखडा नाही! जिंकलो आम्ही! मग हा हळूच म्हणाला, "ताई, माझ्याही मनगटाला कळ लागते गं. मला कुठला बसेल?"

"माप घे आणि सांग."

"मला नाही जमत. तू ये."

मी म्हटलं, "अरे, दोन मिनिटांचं काम, त्यासाठी आठ तास येऊ?"

तर म्हणतो, "मग घाई कशाला करतेस? रोज एक बोट मोज."

रोज एक! आता बोटं दहा... म्हणजे दहा दिवस माझ्या दुकानाला कुलूप! दोन गिऱ्हाइकं आत्ताच रुसलीत. पण काय करता, हात त्याचा आहे ना!