पाणी बघणारा कॅमेरा

आष्टीजवळच्या एका गावात, दूध सोसायटीच्या रांगेत माझ्यापुढं किटल्या घेतलेल्या दोघी होत्या.

"मुक्ताक्का, ह्यो छपरावर गोल काचेचा कॅमेरा कावून बसवलाय वो?"

"बसवायला साहेब आलते, त्ये म्हणले पाणी हाय का न्हाई त्ये बघायला."

"दिवसाच बघतो न्हवं?"

"रातच्यालाबी बघतो, छबुबाई. अंधारातबी दिसतं त्याला."

"तरीच म्या भिऊन आठ दिस दुधात थेंब टाकला न्हाई!"

"आगं बया! म्हणून तुमच्या दुधाचं फॅट वाढलं व्हय? अवो, त्यो दुधातलं पाणी न्हाई, ढगातलं बघतो. आभाळात ढग किती आलं, त्ये मोजतो."

"खाली बघतच न्हाई?"

"त्याचं तोंडच वर हाय."

"मंग घावलं का ढगात पाणी?"

"कुटलं घावतंय? समदं आभाळ कोरडं."

"मुक्ताक्का, जरा माजा नंबर धरा."

"आता कुटं निघालात?"

"हापशावर."

"आन दुधाची किटली कावून नेताय?"

"ढगात न्हाई घावलं न्हवं, हापशात बघते."